शनिवारची मोकळी दुपार

८ फेब्रुवारी, रविवार

ताईंना नमस्कार,

तुम्हाला ताई म्हणावं की काय म्हणावं, यात अर्धी सकाळ गेली. वयाने तुम्ही मोठ्या, या घरात माझ्या आधी आलेल्या, आणि आपल्या दोघींना लागू पडेल असं दुसरं जे नातं आहे ते उच्चारायलाही बरं वाटत नाही. म्हणून ताई. चालवून घ्या.

हे गेल्यावर तुम्ही चार ओळींचं पत्र पाठवलं होतंत, त्यावर पत्ता होता. उत्तर तेव्हाच द्यायला हवं होतं, राहून गेलं. 'हे' असं लिहिलं खरं आणि थबकले. एके काळी तुम्हीही त्यांना 'हे'च म्हणत असाल. असो, कुणाबद्दल चाललंय ते दोघींना कळतंय. कसे गेले, असं तुम्ही विचारलं होतंत. सकाळची फेरी संपवून बस डेपोत लावली, चहाचा पेला हातात घेतला आणि बाकावर कलंडले. बरोबरच्या ड्रायव्हरला वाटलं, डुलकी लागली. फार त्रास झाला नसावा असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर तसं सगळ्यांनाच सांगत असतील.

आम्ही इथे ठीक आहोत. मी पूर्वीच्याच ठिकाणी काम करते. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुण्याचा कारखाना आहे. मी घड्या घालते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमच्या खात्यातली फौजदारीण. तिचा नवरा फौजदार नाही, तिचा स्वभाव तसा आहे. दिवसभर आम्ही एकमेकींकडे चालत जातो आणि पुन्हा लांब होतो. संध्याकाळी हात खांद्यापासून वेगळे काढून ठेवावेसे वाटतात. बाकी तक्रार नाही.

थोरली अकराची झाली. धाकट्याला सहावं संपत आलं. तुम्ही ठेवलेलं नाव त्याला शाळेत आहे, पण डोक्याचा आकार बघून त्याच्या बाबांनी जे 'भोपळ्या' म्हणायला सुरुवात केली ते चिकटलंच. आता तो स्वतःही विचारणाऱ्याला तेच सांगतो.

पत्र लिहिण्याचं कारण असं. मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारी मुलांना घेऊन तुमच्या शहरात यावं म्हणते. वर्षभरात त्यांना कुठे नेलं नाही. त्यांचे बाबा होते तेव्हा निदान रविवारी त्यांच्या बसमधून शेवटच्या थांब्यापर्यंत फुकट फेरी व्हायची. भोपळ्याला त्यातच जग फिरून आल्यासारखं वाटायचं.

आखणी सगळी थोरलीच्या हातात आहे. शाळेतल्या पुस्तकावरून तिने शहराचा नकाशा उतरवून घेतलाय, तो स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलाय. शुक्रवारी शाळा सुटली की रेल्वे, स्टेशनजवळच्या लॉजमध्ये मुक्काम, शनिवारी सकाळी मत्स्यालय, रविवारी संग्रहालय आणि परत. भोपळ्याची मागणी एकच, सरकता जिना. बाकी शहरात काही नसलं तरी चालेल म्हणतो. गाडीत त्याला मळमळतं, म्हणून पिशव्या घ्यायच्या. बाबा गेल्यापासून अधूनमधून अंथरूण ओलं करतो, म्हणून गादीवर घालायला मेणकापड घ्यायचं. फौजदारीण म्हणाली, "लॉजवाल्यांच्या चादरी कशा असतात ते आपण रोज बघतो. तू आपली घरची घेऊन जा." म्हणजे चादरीही घ्यायच्या. सहल कसली, बिऱ्हाड हलवतोय असं वाटायला लागलंय.

नकाशाच्या कडेला थोरलीने दोन्ही दिवसांचं लिहून काढलंय. शनिवारची दुपार मात्र तिने मोकळी ठेवली आहे. मी म्हटलं, "इथे काय करायचं?" ती पेन्सिलीला टोक काढत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणी भेटायला आलं तर, म्हणून."

 तिला तुमच्याबद्दल मी कधी विचारत नाही, ती सांगत नाही. पण तुम्ही त्या शहरात राहता हे तिला ठाऊक आहे.

तर ताई, शनिवारी दुपारी मत्स्यालयाच्या बागेत याल का? भोपळ्याला तुम्ही आठवणं शक्य नाही. तेव्हा तो पालथाही पडत नव्हता. त्याला ओळख काय द्यायची ते तुम्हीच ठरवा. फोन करू शकले असते, पण माझ्याने तोंडाने हे बोलणं झालं नसतं.

थोडं आणखीही बोलायचं आहे. भेटीत बोलू.

तुमच्या पत्राची वाट बघते.

आपली,
मुलांची मावशी
(थोरली मला मावशी म्हणते. भोपळ्या आई म्हणतो. त्याला दुसरं माहीत नाही, म्हणून रागावू नका.)


२२ फेब्रुवारी, रविवार

ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. येणार म्हणालात, फार बरं वाटलं. थोरलीला सांगितलं. तिने "हं" केलं आणि दप्तर भरायला निघून गेली. थोड्या वेळाने बघते तर नकाशावरची शनिवारची दुपार तिने पिवळ्या पेन्सिलीने रंगवली होती.

तुमच्या नव्या घराबद्दल, यजमानांबद्दल लिहिलंत, तेही बरं झालं. मुलं आहेत हे त्यांना माहीत आहे, पण त्यावर बोलणं होत नाही, असं लिहिलंत. मी समजू शकते. आमच्याही घरात तुमच्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. तुमचं मुलांच्या बाबांशी का बिनसलं ते मी त्यांना विचारलं नाही, तुम्हालाही विचारणार नाही.

भोपळ्याचा पुढचा दात हलतोय. सहलीच्या आधी पडला तर शहर बघायला दात नसेल, अशी त्याला काळजी आहे. थंडी कमी झाली आहे. मत्स्यालयाला सोमवारी सुट्टी असते, तेव्हा आपली अडचण नाही.

तुम्ही विचारलंत, फिरायलाच न्यायचं तर आमच्या गावाजवळ ठिकाणं नाहीत का, नेमकं तुमच्या शहरातच का, आणि आताच का? मी वरची सगळी पानं भरली ती याचं उत्तर टाळायला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ताई, मी दमले आहे.

कामाने दमते ते वेगळं. ते झोपलं की जातं. हे झोपून जात नाही. सकाळी उठल्या उठल्या ओली चादर काढायची, तो रडायच्या आत हसायचं, दोघांचे डबे, एकीच्या वेण्या, दुसऱ्याच्या नाड्या, धावत कारखाना, परत धावत घर, अभ्यास, जेवण, भांडण, ताप, हरवलेला एक मोजा. हे गेले तेव्हा लोक म्हणाले, मुलांकडे बघून दिवस काढ. मुलांकडे बघायलाच तर दुसरं माणूस लागतं.

गेल्या महिन्यात एक दिवस सुटल्यावर थांब्यावर उभी होते. बस आली. दार उघडलं. मी चढले नाही. कंडक्टर म्हणाला, "बाई, येताय ना?" मी हातानेच जा म्हटलं. पुढची आली, तीही जाऊ दिली. कुठे जायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. नुसतं घरी जायचं नव्हतं. मुलं शेजारच्या काकूंकडे असतात, त्या मला बोलतील हे कळत होतं. तरी पाय उचलेना.

घरी गेले तेव्हा थोरलीने भावाला आणून, जेवू घालून झोपवलं होतं. माझं ताट वाढून वर दुसरं ताट झाकून ठेवलं होतं. ते बघून कुणालाही रडू आलं असतं. मला राग आला. इतका की मी ताट तसंच ओट्यावर सरकवलं आणि न जेवता निजले. का राग आला ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढ्याशा पोरीने माझी काळजी करावी, याचं ओझं झालं असेल.

त्या दिवसापासून डोक्यात घोळतंय ते लिहून टाकते. मुलं तुमची आहेत. हे गेले तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षंही झाली नव्हती. कागदोपत्री मी त्यांची कुणीही नाही. तुमच्या घरी दोन माणसं कमावणारी आहेत, मोठी शाळा आहे. तुम्ही त्यांना तुमच्याकडे ठेवून घ्याल का? लगेच नाही. आधी सुट्टीत, मग बघून. दोघं एकमेकांना धरून असतात, तुम्हाला फार जड जाणार नाही. थोरली शेजारी असली की भोपळ्या मुकाट्याने झोपतो.

हे वाचून तुम्हाला मी कशी बाई वाटेन, कोण जाणे. मलाही ठरवता येत नाही. तुम्ही हो म्हणाल याची भीती वाटते, नाही म्हणाल याचीही. मुलांना यातलं काही माहीत नाही.

शनिवारी भेटू. हे पत्र आत्ताच पेटीत टाकून येते, नाहीतर उद्या फाडेन.

आपली,
मावशी


१५ मार्च, रविवार

ताईंना नमस्कार,

आम्ही सुखरूप पोचलो. दोन पिशव्या लागल्या. दात गाडीत पडला, तो अजून सापडलेला नाही.

त्या शनिवारी बागेतल्या बाकावर शेवटी तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मी काहीच बोलले नाही. नुसती मान हलवली. तुम्ही तो होकार समजल्या असाल तर चूक तुमची नाही. मला तेव्हा उत्तर सुचलंच नाही, म्हणून आज लिहिते. नीट सुरुवातीपासून लिहिते. तुम्ही तिथे होतात, पण तुम्ही भोपळ्याकडे बघत होतात आणि मी सगळ्यांकडे.

तुम्ही फाटकातून आलात तेव्हा थोरलीने तुम्हाला माझ्याआधी ओळखलं. मी अजून गर्दीत शोधत होते. तिने माझा हात सोडला आणि केसांवरून हात फिरवला. दोन्ही वेण्या पुढे घेतल्या. त्या दिवशी वेण्या तिने स्वतः घातल्या होत्या. माझ्या घाईच्या हातावर तिचा भरवसा नव्हता.

भोपळ्याने तर आल्या आल्या तुमची परीक्षाच घेतली.

"तू कोण?"

"मी तुझ्या बाबांच्या ओळखीची."

"बाबा वारले, माहीत आहे का तुला?"

"माहीत आहे."

"मग ठीक आहे," म्हणाला आणि तुम्हाला सकाळी बघून झालेल्या शार्कच्या काचेपाशी ओढत घेऊन गेला.  त्याला उचलून घ्यावं की नाही ते तुम्हाला कळत नव्हतं. मग तो आपणच तुमच्या कडेवर चढला. चढतोच तो. डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांच्या कडेवर तो चढून झालाय.

थोरली मागे मागे होती. प्रत्येक टाकीवरची पाटी मोठ्याने वाचत होती. एरवी ती मोठ्याने वाचत नाही. तुम्हाला ऐकू जावं म्हणून चाललं होतं ते. तुम्ही एकदाही वळून पाहिलं नाहीत.

नंतर बागेत तुम्ही संत्री काढलीत. सोलून प्रत्येक फोड उन्हात धरून, आत बी आहे का बघून मग भोपळ्याला देत होतात. ताई, घरी थोरली अगदी असंच करते. मी तिच्यावर कितीदा वैतागले आहे, एक संत्रं खायला काय तासभर लावतेस म्हणून. हे ती कुणाकडून शिकली ते मला त्या बाकावर कळलं. तिलाही कळलं असावं. हातात फोड धरून ती तुमच्याकडे बघतच राहिली होती.

मग मुलं सरकत्या जिन्याकडे गेली, रस्त्यापलीकडच्या दुकानात, आणि आपण बाकावरून त्यांच्याकडे लक्ष ठेवून बसलो. भोपळ्या वर जात होता, खाली येत होता, काचेतून हात करत होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, "धाकट्याला मी नेईन. घरी बोलले आहे. एक मूल चालेल म्हणतात."

मी म्हटलं, "आणि थोरली?"

तुम्ही म्हणालात, "तिची नजर मला सोसवत नाही. ती सगळं आठवून बसली आहे. हा लहान आहे, हा माझा होईल. चालेल ना?"

तुम्ही हे दुष्टपणाने म्हणाला नाहीत. तुमचे डोळे भरले होते. तुम्ही खरं तेच बोललात, आणि मीही तुम्हाला पत्रात खरं तेच लिहिलं होतं, तेव्हा तुम्हाला बोल लावायला मला तोंड नाही. आणि ताई, हे कुणाला सांगू नये पण तुम्हाला सांगते, त्या बाकावर क्षणभर माझ्या मनात आलं, एक तर एक. ओली चादर जाईल. मळमळ जाईल. थोरली तर आता मोठीच आहे. असं आलं मनात. मान हलली ती त्यातूनच.

परतीच्या गाडीत भोपळ्या माझ्या मांडीवर झोपला. थोरली खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मावशी, ती आम्हाला नेणार आहे का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तू तिला तिथली शाळा कशी आहे विचारत होतीस."

 मग ती हळू आवाजात, झोपलेल्याला ऐकू जाऊ नये अशी, बोलायला लागली. तिने ते मनाशी घोकून ठेवलं असणार, कारण मध्ये कुठे अडखळली नाही. "दोघांना नको पाठवूस. मला पाठव. भोपळ्या तुझ्याशिवाय राहायचा नाही, तो तुला आई म्हणतो. मी राहीन. मी घरातली कामं करते, इस्त्री येते मला, तिला माझा त्रास नाही होणार. आणि तुलाही मग एकच सांभाळायला राहील. तू दमतेस ना."

ताई, मी काय सांगणार होते तिला? की बाई गं, तुला कुणी मागितलंच नाही?

 डब्यात माणसं होती, समोरच्या म्हातारबाबांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. मी म्हटलं, "कुणीही कुठेही जाणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

थोडा वेळ ती बाहेर बघत होती. मला वाटलं विषय मिटला. तर म्हणाली, "मग तू दमलीस की काय करायचं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. ज्यांनी दिवस काढ म्हणून सांगितलं, त्यांनीही नाही. मी म्हटलं, "दमले की तुम्हाला सांगेन."

"मग आम्ही काय करायचं?"

"थोडा वेळ गप्प बसायचं."

"भोपळ्या नाही बसायचा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला जे रडू आलं ते स्टेशन येईपर्यंत आवरेना. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. या वेळी राग आला नाही.

म्हणून हे उत्तर. मुलं माझ्याकडेच राहतील. दोघंही. विचारत नाहीये, कळवते आहे. उद्या तुम्ही आईचा हक्क सांगितलात तर मला अडवता येणार नाही, हे मी जाणते. तरी मी अडवीन.

माझा थकवा गेला असं समजू नका. तो कुठे जायला बसलाय. आज सकाळीच बुटाची नाडी बांधताना मी भोपळ्यावर इतकी ओरडले की शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. पण सोमवारी मी मुकादमाला सांगितलं, मला सकाळची पाळी हवी, मुलं शाळेतून येतात तेव्हा मी घरी पाहिजे. तो कुरकुरला. फौजदारीण चादर हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तिच्याबरोबर माझीही बदला. मला दुसरीशी घडी जमत नाही." पुढच्या आठवड्यापासून बदलली. पगार थोडा कमी होईल. होऊ दे.

तुमच्याकडे दोन गोष्टी मागते.

बाकावर जे बोललात ते थोरलीला कधीही कळता कामा नये. ती मोठी होईल, तुम्हाला शोधत येईल, भांडेल, विचारेल. तेव्हा काहीही सांगा, माझ्यावर ढकला, मावशीने पाठवलं नाही म्हणा. मी कबूल होईन. पण हे सांगू नका.

आणि यावंसं वाटलं तर या. घर लहान आहे, पण एका माणसाची झोपायची सोय होते. फक्त भोपळ्याला भेटायला म्हणून येऊ नका. तिची नजर तुम्हाला सोसत नाही म्हणालात. ती तुम्हाला दोष देत नसते हो. तुम्ही निघून गेलात तेव्हा ती शाळेत नुकतीच जायला लागली होती, जेवढं आठवतं तेवढं घट्ट धरून बसली आहे. तुम्ही दिसलात की आठवणीतलं आणि समोरचं ताडून बघते, इतकंच. एकदा तिच्या नजरेला नजर देऊन बघा. पहिल्यांदा जड जाईल. मला रोज जातं.

तुमच्यावर माझा राग नाही. असता तर सोपं झालं असतं.

आतून दोघांचं भांडण ऐकू येतंय, नकाशा दारावर ठेवायचा की काढायचा यावरून. उठायला हवं. उत्तर सवडीने लिहा, पण लिहिलंत तर पाकिटावर दोघांची नावं घाला. थोरलीचं आधी.

थोरलीची मावशी,
भोपळ्याची आई